तुतीचा चेहरा

माझा बाप दारू पीत नव्हता, पत्ते खेळत नव्हता, कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात नव्हता. माय म्हणायची, त्यापेक्षा दारू प्यायला असता तर परवडलं असतं. दारुड्याच्या बायकोची निदान लोकांना कीव तरी येते. माझ्या बापाला लाकडाचं वेड होतं. सरपणाचं नव्हे, सरपण मायच आणायची. त्याला लाकडाची चित्रं करायचं वेड होतं.

आम्ही माळी. अमरावतीच्या बाहेर बडनेऱ्याच्या वाटेवर आमचा बगीचा होता. संत्र्याची झाडं, वांगी-मेथीचे वाफे, आणि कडेनं झेंडू, शेवंती. सकाळी बाप फुलांची टोपली घेऊन गावात जायचा. एका कापसाच्या जिनवाल्या शेठच्या बंगल्यावर पूजेच्या फुलांचा रतीब होता. त्या बंगल्यावर एकदा उत्तरेकडचा कुणी मिस्त्री दरवाजा करायला आला आणि त्यानं दरवाजावर नुसते लाकडाचे तुकडे एकमेकांना भिडवून मोर काढला. काळं पाहिजे तिथं शिसम, पिवळं पाहिजे तिथं हळदू, तांबडं पाहिजे तिथं खैर. रंगाचा एक थेंब नाही. ते पाहून माझ्या बापाचे डोळे जे फाटले ते पुन्हा मिटलेच नाहीत. आठ दिवस तो फुलं देऊन घरी यायचा तो दुपारीच. नवव्या दिवशी कमानीची बारीक करवत घेऊन आला आणि आमच्या घराचं वाटोळं सुरू झालं.

धारणीकडून लाकडाच्या गाड्या आल्या की हा अड्ड्यावर हजर. तिथले लोक त्याला छिलपे, तुकडे फुकट द्यायचे, आणि वर हसायचे. घरात चुलीवर एकीकडे वरण आणि दुसरीकडे तुकडे चिकटवायचा सरस. सरस शिजताना जो वास सुटतो तो ज्यानं घेतला नाही तो भाग्यवान. मोट थांबलेली, वाफे सुकलेले आणि माझा बाप ओसरीत मांडी घालून बसलेला, हातात नखाएवढा तुकडा. त्याला कानस मार, लावून पाह्य, पुन्हा कानस मार. दोन तुकड्यांच्या मधून केस गेला नाही पाहिजे, हा त्याचा हट्ट. बगीच्याच्या कुंपणातून पूर्ण म्हैस आत जात होती, त्याचं काही नाही.

त्याचा दुसरा हट्ट याहून मोठा. लाकडाला रंग लावायचा नाही. कुणी म्हटलं, अहो जरा हिरवा हात फिरवा ना, तर तो कानाच्या पाळीला हात लावायचा. देवानं ज्याले जो रंग देला त्याच्यावर आपण हात फिरवाचा नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणायला ठीक आहे. पण मग पोपट कशाला करायचा? हिरवं लाकूड जगात नाही आणि याला पोपटच करायचा. त्यानं बाभळीचा तांबूस पोपट केला. येणारा जाणारा विचारायचा, घार काय हो? माझा बाप शांतपणे सांगायचा, पोपट आहे. लोक एकदा चित्राकडं पाहायचे, एकदा बापाकडं, आणि संत्री घेऊन निघून जायचे.

आता माझं सांगते. मी काळी. आपल्याकडं सावळी म्हणायची पद्धत आहे, गव्हाळ म्हणायची त्याहून सोयीची पद्धत आहे. मी गव्हाळ नव्हते, सावळी नव्हते, काळी होते. त्यात शिकलेली. बापाला लाकडानंतर कशाचं कौतुक असेल तर शिक्षणाचं, म्हणून त्यानं मला शिकवलं आणि मी मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. काळी एक वेळ चालते, शिकलेली एक वेळ चालते. दोन्ही एका पोरीत आले की जातीतले लोक चहा पिऊन उठतात. वीस उलटले तरी मी घरातच. नांदगावहून मावशी आली की माझ्याकडं पाहून उसासा टाकायची, आणि मग दोन टोपल्या वांगी घेऊन जायची. उसासा फुकट नव्हता.

तेव्हा माझ्या मामानं, तो अकोल्याला राहायचा, तेल्हाऱ्याचं स्थळ आणलं. घरची जमीन, चांगला कापूस, खाऊन पिऊन सुखी. आणि मुलगा, मामा म्हणाला, सुधारक. वर्तमानपत्र वाचणारा, सभांना जाणारा. त्याला शिकलेलीच बायको पाहिजे होती, आणि तेल्हाऱ्यात आपल्या ओसरीत मुलींची शाळा काढून ती बायकोनं चालवावी असं तो चारचौघांत बोलत होता. हे ऐकलं आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मी धरून चालले होते की लग्न झालं की शाळा गेली. इथं लग्नही होत होतं आणि शाळाही राहत होती. ते स्थळ मला पाहिजे होतं. देवाला कधी काही मागितलं नाही ती मी सकाळी हात जोडायला लागले.

मुलाचा बाप येऊन पाहून गेला. पाहून गेला म्हणजे काय, त्या काळात सासऱ्यानं सुनेकडं मान वर करून पाहायची रीत नव्हती. मी वाकून नमस्कार केला, त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं, पायांना बगीच्याचा चिखल. मग तो संत्री पाहायला गेला. झाडं त्याला पसंत पडली, आणि घरातून होकार आला तर माघात लग्न करू, म्हणाला. पण घरच्या बायका येऊ शकत नव्हत्या, कापसाची वेचणी तोंडावर आली होती. त्या म्हणाल्या, पोरीचा फोटो पाठवा.

मामा म्हणाला, काढून घेऊ फोटो, पावडर लावून. इथं माझा बाप उठला. फोटो कायले, म्हणाला, मी पोरगी लाकडात बसवून देतो.

माझी माय कपाळाला हात लावून बसली. लग्नाचं बोलणं फळीवर पाठवायचं, हे साऱ्या वऱ्हाडात कुणी ऐकलं नव्हतं. पण बाप पेटला. पुरे दोन हात लांबीची फळी घेतली. मी बसलेली, मांडीवर पुस्तक, मागं संत्र्याचं झाड. केस शिसमचे, लुगडं खैराचं, काठ हळदूचा, पुस्तकाची पानं कुड्याच्या पांढऱ्या लाकडाची. मी शाळेतून आले की त्याच्याजवळ बसून तुकडे घासून द्यायची. मन लावून घासायची, कारण मला वाटायचं, मी माझं नशीब घासून राहिली. सगळं झालं, हात झाले नव्हते आणि चेहरा झाला नव्हता. चित्रात मधोमध तळहाताएवढं भोक.

माझ्या रंगाचं लाकूड घरात ढीगभर होतं. जुनं सागवान होतं, बिजा होता, बाभळीचा गाभा होता. मी वाट पाहत होते की बाप यातलं काय उचलतो. त्यानं काहीच उचललं नाही. तो विहिरीकडं गेला, तुतीची एक जाड फांदी तोडली, तिचे दोन फाटे केले आणि ते ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवले. सुकतील पण उजेड लागणार नाही. महिन्याभरानं काढले तर आतून पिवळेधमक, सोन्यासारखे. त्यातून त्यानं माझा चेहरा कापला, मग हात कापले. बसवून, घासून, लाखेचं पॉलिश मारून चित्र समोर धरलं तर मी त्यात गोरीपान. माय पहिल्यांदा खूश झाली. म्हणाली, आता कसं पोरीसारखी पोरगी दिसून राहिली.

 पण मला तुती ठाऊक होती, माळ्याची पोर मी. ताजी कापलेली तुती पिवळी असते, मग उजेड खाऊन खाऊन ती तांबूस होते, मग तपकिरी, आणि दीड-दोन वर्षांत अशी होते की कुणी म्हणणार नाही ही कधी पिवळी होती. मी बापाला तेवढं विचारलं की हे टिकणार आहे का. तो खाली पाहूनच बोलला. टिकाचं काय काम, म्हणाला, माघापर्यंत टिकलं म्हणजे झालं. लग्न झालं की मंग चित्र आपोआप तुह्यासारखं होते. रंग लावला नाही, खोटं केलं नाही, फक्त थोडा वेळ घेतला.

बघा, काय डोकं. आयुष्यभर देवानं दिलेल्या रंगावर हात फिरवायचा नाही म्हणणारा माणूस, आणि पोरीच्या लग्नाच्या वेळी त्याला बरोबर असं लाकूड सापडलं की नेमही मोडला नाही आणि पोरगीही गोरी झाली. मला त्याचा राग आला. आणि त्याहून वाईट सांगते, रागासोबत आनंदही झाला. मी चित्रातल्या त्या बाईकडं पाहायची आणि वाटायचं, राहू दे बाई माघापर्यंत अशीच.

दसऱ्यानंतर चित्र गोधडीत गुंडाळून मामासोबत तेल्हाऱ्याला गेलं. बापानं निक्षून सांगितलं होतं की देवघरात, अंधाऱ्या भिंतीला लावा. तेल्हाऱ्याच्या बायकांनी ते ओसरीत, दाराच्या नेमकं समोर, जिथं सकाळपासून ऊन पडतं तिथं टांगलं. एवढी गोरी सून, देवघरात कशाला लपवायची? अर्धं गाव पाहून गेलं. होकार आला. आमच्याकडं साखर वाटली.

माझ्या बापानं तुतीचा हिशेब अगदी बरोबर केला होता. माणसांचा केला नव्हता. माघात म्हणे कापसाच्या गाड्या अडकल्या होत्या, वैशाखात करू. वैशाखाचा मुहूर्त धरला तर मुलाचा चुलत आजा वारला, सुतकात मुहूर्त गेला. आणि त्याच्यापुढं लागला सिंहस्थ. गुरू सिंह राशीत गेला की तेरा महिने लग्नं बंद. आता मला सांगा, ज्याचं पोट लग्नातल्या फुलांच्या हारांवर चालतं, त्या माळ्याला सिंहस्थ कधी लागतो ते ठाऊक नसावं? त्याला लाकडाचं वय कळत होतं, पंचांग उघडून पाहायचं सुचलं नाही. सिंहस्थ म्हणताच त्यानं हातातली कानस खाली ठेवली. मायला वाटलं फुलं खपणार नाहीत म्हणून. मला माहीत होतं कशासाठी.

पुढची गंमत मामानं येऊन सांगितली. तेल्हाऱ्यात चित्रातली सून हळूहळू काळवंडायला लागली. आधी बायकांना वाटलं धूळ बसली, त्यांनी ओल्या फडक्यानं पुसलं. मग खोबरेल तेल लावलं, तर ती आणखीच गडद झाली. मग कुणी शहाणीनं बेसन आणि हळद कालवली आणि दर शुक्रवारी माझ्या लाकडाच्या तोंडाला उटणं लावायला सुरुवात केली. लाकूड काही उजळलं नाही, पण तुकड्यांच्या सांध्यात बेसन बसलं आणि मुंग्या लागल्या. हे ऐकून मी तोंडाला पदर लावून हसले, खूप हसले. मग हसू थांबलं. कारण मामानं सोबत चिठ्ठी आणली होती. मुलाच्या मायनं कुणाकडून लिहवून घेतली होती. तिच्यात लिहिलं होतं की पोरीला उन्हात फिरू देऊ नका, तिकडं ती उन्हात जाते आणि इकडं चित्रात फरक पडतो.

आमच्या घरानं या चिठ्ठीला हसायला पाहिजे होतं. हसलं कुणी नाही. माय खरंच मला उन्हातून आणायला शाळेच्या फाटकाशी छत्री घेऊन उभी राहायला लागली. तिथं बेसन, तर इथंही बेसन. रोज सकाळी माझी माय माझं तोंड घासायची, म्हणजे तेल्हाऱ्याचं चित्र उजळेल. तुतीचं काय होतं ते सांगायचं तर बापाचं बिंग फुटतं, म्हणून बाप गप्प. आणि मी? मी मुलींना भूगोल शिकवणारी मास्तरीण, पृथ्वी गोल आहे म्हणून सांगणारी. मी मुकाट्यानं उटणं लावून घेत होते. मला ती ओसरीतली शाळा पाहिजे होती. त्यासाठी मी बेसन तर काय, चुनाही लावून घेतला असता.

सिंहस्थ संपला तेव्हा आमच्याकडून निरोप जायच्या आत तेल्हाऱ्याचीच माणसं आली. मुलाची माय, मुलगा आणि माझा मामा. अकोल्यापर्यंत मोटार, मग आगगाडीनं बडनेरा, मग बैलगाडी. सोबत गोधडीत चित्र. विहीणबाईंनी पाणी पिण्याआधी गोधडी सोडली आणि चित्र भिंतीला टेकवलं. मग मला बोलावलं. मी चित्राच्या बाजूला उभी राहिले.

खरं सांगते, मला स्वतःला धक्का बसला. चेहरा हुबेहूब माझा होता. गाल, कपाळ, मानेजवळचा जरा गडद भाग. जन्मात कधी आरशात मी इतकी मला दिसले नव्हते. चित्र बिघडलं नव्हतं, पुरं झालं होतं. ते ओसरीत कुणाला कळलं असेल तर बापाला आणि मला.

विहीणबाई चित्राकडं पाहत होत्या, माझ्याकडं पाहत होत्या. मग बापाला म्हणाल्या, रंग टिकला नाही तुमचा. बाप म्हणाला, रंग नाही, लाकूड आहे. आणि मग त्यानं सगळं सांगून टाकलं, की तुती अशीच असते. मला वाटलं आता संपलं. पण माझा बाप घाबरला होता. वीस वर्षांची पोर आता बावीसची झाली होती. तो घाईघाईनं म्हणाला की यात काही कठीण नाही, वरचा पापुद्रा काढला की खाली पिवळीच आहे, आणि आत जाऊन त्यानं घासायचं पोलादी पातं आणलं.

विहीणबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या पदर सावरून म्हणाल्या, "मंग घासून द्या. पोरगी पदराआड राह्यते, चित्र भितीवर राह्यते. लोकं भितीकडे पाह्यतात." दर दिवाळीला येऊन एक हात मारून जात जा, म्हणाल्या, पाहुणचार करू. म्हणजे माझं त्यांना काही नव्हतं. मी कशीही चालत होते. चित्र तेवढं गोरं पाहिजे होतं, कारण गावानं गोरं पाहिलं होतं. आणि ते घासलं की लग्न पक्कं, शाळा पक्की. इतकं सोपं.

बापानं चित्र मांडीवर घेतलं. पातं माझ्या कपाळावर ठेवलं आणि हात थांबला. मला वाटलं तो धार पाहून राहिला. त्यानं मान वर केली, पण माझ्याकडं नाही, मुलाकडं.  खादीचा सदरा, नाकावर चष्मा, नजर स्वतःच्या जोड्यांवर.

बाप म्हणाला, "जावाईबापू, तुमी शिकेल माणूस. तुमी सांगा. घासू का राहू देऊ?"

मुलानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होते, रीत सोडून सरळ पाहत होते. म्हटलं, बोल बाबा, आता बोल, सभेत बोलतो तसं एक वाक्य बोल.

तो शुद्ध बोलत असे. म्हणाला, "घासा. मात्र बाकीच्या चित्राला धक्का लागू देऊ नका."

झाली माझी शाळा.  त्याला काय म्हणणार, तो माझा कोण होता? मी बापाला म्हटलं, "लाकूड एका हातात उजळते, बाबा. मंग मले कायनं घासान?"

बापानं पातं खाली ठेवलं. चित्र उचलून आपल्यामागं भिंतीला लावलं आणि उभा राहून विहीणबाईंना हात जोडले. "चित्र बी राहू द्या," म्हणाला, "अन् पोरगी बी राहू द्या."

मामानं बरंच समजावलं. मायनं आतून रडून घेतलं. विहीणबाई म्हणाल्या, अशा मिजाशीच्या पोरी घरात बसून म्हाताऱ्या होतात, आणि गाडीत बसताना त्यांनी विचारलं, एवढ्या दूर आलो, थोडी संत्री तरी द्या. मायनं टोपली भरून दिली. मुलानं टोपली मांडीवर घेतली, अगदी जपून, एकही संत्रं सांडू दिलं नाही. बैल हालले आणि माझं सुधारक स्थळ बडनेऱ्याच्या वाटेनं निघून गेलं.

माय चुलीपाशी गेली. ओसरीत मी आणि बाप. तो चित्राकडं पाठ करून बसला होता, हात गुडघ्यांवर, बोटांना नुसती लाखेची तपकिरी पुटं. त्यानं विचारलं, रागावली काय पोरी. मी म्हटलं, हो. त्याला वाटलं त्या मुलावर. तो म्हणाला, जाऊ दे, भित्रट होता.

"त्याच्यावर नाही," मी म्हटलं. "त्यानं आज घासा म्हटलं. तुमच्याजवळ घरात सागवान होतं, बिजा होता. तुमी उठून विहिरीवर तुती तोडाले गेले."

माझ्या बापाजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. पोपट तांबडा कसा यालाही होतं.  आता त्यानं डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"व्हय," तो म्हणाला. "त्यायच्या आधी मीच घासली तुले."